मदत हवी आहे: मर्यादवेलीचं बी रुजत नाहीये

वाळूपाऊल:
समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पसरते ती वेल. ३ आठवडे झाले, एकही कोंब नाही. वाळू, ऊन, पाणी सगळं नीट आहे. काय चुकतंय? जरा लवकर सांगा, बी थोडंच उरलंय.

पानफूल:
भिजवलं होतं का? आणि नक्की मर्यादवेलच ना? पान आपट्यासारखं दुभंगलेलं असतं. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री, त्यातलं पेस-काप्री म्हणजे शेळीचं पाऊल.

वाळूपाऊल:
हो हो तीच, जांभळट गुलाबी फुलं, दुपारपर्यंत कोमेजतात. बी वाळल्या बोंडातलं, रात्रभर भिजवून तरंगलेलं बाजूला काढलं, बुडालेलं लावलं.

मातीवेडा:
बरोबर केलंत, तरंगतं ते पोकळ. भोपळा, कारलं सगळं मी असंच निवडतो. आता कंपोस्ट घाला, नुसत्या वाळूत काय उगवणार.

भरतीओहोटी:
अहो थांबा, ते तरंगलेलं फेकू नका! हिचं बी समुद्रावर तरंगत तरंगतच नव्या किनाऱ्याला लागतं, भोपळ्याचा नियम हिला कसा लावता? साल इतकी टणक की पाणी आत शिरतच नाही. वरची तपकिरी मखमल बाजूला करा, पाठीकडची गोल बाजू पॉलिश पेपरवर घासा, आतला फिका रंग दिसला की लगेच थांबा, डोळ्याची (बी बोंडाला चिकटलेलं असतं ती) बाजू सोडून हां, मग भिजवा. फुगलं तरच लावा.

मातीवेडा:
माझा २० वर्षांचा अनुभव आहे, खताशिवाय काही होत नाही.

भरतीओहोटी:
अनुभव भाजीचा आहे, ही वाळूत वाढणारी वेल आहे.

खारंपाणी:
रोज मिठाचं पाणी घाला, समुद्राची सवय असते तिला.

पानफूल:
नको! मीठ सोसते म्हणजे मीठ लागतं असं नाही, कोवळ्या कोंबाला गोडंच पाणी द्या.

सुगरणताई:
जेलीफिश डसली की ह्याच पानांचा रस लावतात ना? गुडघेदुखीवर चालेल का?

मातीवेडा:
कुंडीत शोभेला हवी असेल तर त्यापेक्षा सदाफुली लावा, बारा महिने फुलते.

वाळूपाऊल:
कुंडीत नाही हो. वादळात किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकाडावरची वेल उखडली, तेव्हापासून वारा सुटला की वाळू उडून मागे येते, टेकाड रोज थोडं खचतंय, बघवत नाही. तिथंच लावायचीय.

भरतीओहोटी:
हे आधी सांगायचंत ना! मग बियांच्या जोडीला फांद्याही लावा. पेरापेराला मुळं फुटतात, त्यामुळेच तर वाळू धरून राहते. हातभर तुकडा आडवा ठेवा, २-३ पेरं वाळूत गाडा, टोक वर ठेवा. पाऊस सुरू झाला की लावा. पण शेजारच्या टेकाडावरनं अख्खी वेल ओढून आणू नका, नाहीतर तिथली वाळू मोकळी होईल. लांब पसरलेल्या फांदीचं टोक तेवढं कापा.

पानफूल:
आणि त्यावरून कुणी चालणार नाही असं बघा, पायाखाली कोवळी टोकं मोडतात.

वाळूपाऊल:
तरंगलेलं बी वाटीतच होतं, वाचलं! ९ घासून भिजवली, सकाळी ६ चांगली फुगलीत, जवळजवळ दुप्पट. उरलेली ३ परत घासू का?

भरतीओहोटी:
हो, पण हलक्या हातानं.