मदत हवी आहे: ऊसतोडीला गेलेल्यांची नावं मतदार यादीतून कापली, परत कशी घालायची?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तांड्याबद्दल विचारतोय. मूळ गाव आणि तांडा मिळून आमची गट ग्रामपंचायत आहे. दिवाळी झाली की तांड्यातली निम्म्याहून जास्त घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे होळीच्या आत कोणाचं येणं होत नाही. मागे म्हातारी माणसं, शाळेतली काही पोरं आणि गुरं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय, सगळ्या गावाला माहीत आहे.

ग्रामपंचायतीची निवडणूक येऊ घातलीय म्हणून पोर्टलवर तांड्यातली नावं तपासत होतो. एकेकाचा कार्ड नंबर टाकतोय आणि नोंदच सापडत नाही! विधानसभेला याच लोकांनी मतदान केलं होतं. एकूण ४१ नावं गेली आहेत आणि कारण सगळ्यांचं एकच, ‘कायमचे स्थलांतरित’.

कार्यालयात नमुना १० म्हणजे आक्षेपांची यादी पाहायला मिळाली. हरकत घेणारा म्हणून बहुतेक ठिकाणी गावातल्याच एका म्हाताऱ्या शेतमजुराचं नाव आहे. त्याला जाऊन भेटलो. तो अंगठा लावतो, बँकेच्या पासबुकावरसुद्धा अंगठाच आहे. आणि एका अर्जाची प्रत मला लांबून दाखवली होती, तिच्यावर चांगली वळणदार सही! म्हातारा घाबरून गेलाय. “भाऊ, माह्यावर केस होईन का?” एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता.

दुसरीकडे, याच यादीत वारलेल्या माणसांची नावं तशीच आहेत. जिवंत माणसं बाहेर आणि मेलेली आत, याचा फार त्रास होतो. आमच्याकडे वॉर्डाचा निकाल पाच-दहा मतांवर लागतो. ४१ नावं म्हणजे तांड्याचा सदस्यच जातो, आणि मग पाण्याची टाकी कुठे होणार हेही ठरून जातं.

ग्रामपंचायतीची प्रारूप यादी लागली की तिच्यावर हरकत घ्यायची, की आत्ताच काही करायचं? माणसं फडावर आहेत, त्यांच्या सह्या कशा आणू? नोटीस कोणालाच मिळालेली नाही, त्याचं काय? ज्यांनी हे काम केलंय किंवा निस्तरलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १ (महसूल खात्यातून निवृत्त, वर्धा)

भाऊ, प्रारूप यादीची वाट अजिबात पाहू नका. बहुतेक लोक इथेच फसतात. राज्य निवडणूक आयोग ग्रामपंचायतीसाठी वेगळी यादी करत नाही. विधानसभेचीच यादी, ठरवलेल्या तारखेला जशी असेल तशी घेऊन वॉर्डावॉर्डात फोडतात. प्रारूपावरच्या हरकतीत फक्त वॉर्ड चुकला, लेखनिकाची चूक झाली, किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव इकडे सुटलं, एवढंच दुरुस्त होतं. मूळ यादीतच नाव नसेल तर तिथे कोणी घालू शकत नाही. जे करायचं ते मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे सहसा एसडीओंकडे (उपविभागीय अधिकारी), आणि त्या तारखेच्या आत.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चं कलम २० वाचा. तात्पुरता बाहेरगावी गेला म्हणून माणूस तिथला रहिवासी राहत नाही, असं होत नाही. ऊसतोड म्हणजे तात्पुरतंच जाणं. कलम २२ प्रमाणे स्थलांतराच्या कारणावरून नाव काढण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. कुलूपबंद घराच्या दाराला नोटीस चिकटवली असेल तर ती कोणाच्या समोर, त्याचा पंचनामा कुठे आहे, हे माहितीच्या अधिकारात मागा. नमुना ७, म्हणजे नाव काढण्यासाठी आलेले अर्ज, त्यांच्या सगळ्या प्रतीही मागा.

दोन्ही वाटा एकदम धरा. कलम २४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, मुदत आदेशापासून १५ दिवस. मुदत टळली असेल तर उशीर का झाला ते लिहून माफी मागता येते, आणि नोटीसच नव्हती हे कारण सबळ आहे. पण अपिलाचा निकाल कधी लागेल याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येकाचा नमुना ६, म्हणजे नाव घालायचा अर्ज, तोही भरून टाका. तो मोबाइलवरून फडावर बसूनही भरता येतो.

त्या म्हाताऱ्या बाबांना धीर द्या. ‘या अर्जांवरची सही माझी नाही’ असं अंगठ्यानिशी, दोन साक्षीदारांसह लिहून घ्या आणि एसडीओंकडे देऊन पोच घ्या. कलम ३१ प्रमाणे खोटं निवेदन करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ते बाबांवर नाही, ज्याने सही ठोकली त्याच्यावर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात २०२४ च्या विधानसभेआधी बनावट ऑनलाइन अर्ज हजारोंनी आले, तेव्हा नोंदणी अधिकाऱ्यांनीच पोलिसांत तक्रार दिली होती. म्हणजे कार्यालयाने मनावर घेतलं तर होतं.

प्रतिसाद २ (बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, वाशिम)

मी शिक्षिका आहे, आमच्या भागातही दोन तांडे आहेत. दादा, खरं सांगते, यादीसोबत ‘घर बंद’ असा शेरा येतो आणि वरून घाई असते. मी घर बंद दिसलं की तांड्याच्या नाईक-कारभाऱ्याला (प्रमुखांना) विचारते आणि मजुरांचे मोबाइल नंबर वहीत लिहून ठेवते. फोन केला की मुकादमाच्या गाडीतूनसुद्धा माणूस बोलतो, “बाई, आम्ही येतो ना होळीले, नाव नका कापू.” तुमच्या बीएलओंना तांड्याची अशी यादी लेखी द्या, कारखान्याचं नाव आणि परतीचा अंदाज घालून. ती पुढच्या वेळी कामाला येते.

वारलेल्यांसाठी घरच्यांनीच मृत्यू दाखल्यासह नमुना ७ द्यावा. आणि यादीचं वाचन ग्रामसभेत व्हायला हवं, तशा सूचना आहेत. आमच्याकडे मी नावं मोठ्याने वाचते. “हा तर वारला”, “ही लगन होऊन गेली”, “हा फडावर हाय” असं लोक जागच्या जागी सांगतात. ग्रामसेवकांना सांगून तो विषय अजेंड्यावर घ्यायला लावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. माहितीचा अर्ज उद्याच टाकतो. बाबांचा जबाब आज संध्याकाळी पोलीस पाटलांसमोर लिहून घेतोय. एक अडचण राहिली. नमुना ६ ला पत्त्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड चालेल का? काही सुनांच्या आधारवर अजून माहेरचा पत्ता आहे.

प्रतिसाद १

रेशनकार्ड त्या यादीत नाही. बँकेचं किंवा पोस्टाचं चालू पासबुक चालतं, घराचं वीजबिल चालतं, सातबारा चालतो. यातलं काहीच नसेल तरी अर्ज अडवून ठेवू नका, भरा. अशा वेळी बीएलओने घरी जाऊन पडताळणी करायची असते. तेव्हा सासू-सासरे घरी असतील असं बघा, आणि पडताळणीचा दिवस बीएलओंना आधीच विचारून ठेवा.