जुनी बुलेट बॅटरी चार्ज करत नाही, अल्टरनेटर (इंजिनवर वीज बनवणारा भाग) गेला का?

बाबांची १९९२ची जुन्या कास्ट आयर्न इंजिनची बुलेट आहे, १२ व्होल्टची. नवीन बॅटरी टाकली तरी चार दिवसांत हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो. मेकॅनिक म्हणतो अल्टरनेटर रिवाइंड करा, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळा, पण त्याने व्होल्ट मोजायचा मीटर लावलाच नाही. काय करू?

थंपरवाला: रिवाइंडचा खर्च करू नकोस इतक्यात. बॅटरी बाहेरून फुल चार्ज कर, तासभर ठेवून व्होल्ट मोज, १२.६च्या आसपास पाहिजे, मग गाडी चालू करून रेस देऊन परत बॅटरीवरच मोज, १३.८ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक, आणि १५च्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्ट आवरून धरणारा भाग) गेला, असा बिघडलेला रेग्युलेटर बॅटरीचं पाणी उकळवून संपवतो.

प्रश्नकर्ता: मोजलं दादा. बंद असताना १२.६, रेस दिली तरी १२.४ वरच, हलतच नाही.

जुनं_लोखंड: मग आता प्राइमरी केसमधून (इंजिनच्या बाजूचं झाकण, अल्टरनेटर यातच असतो) येणाऱ्या वायरी रेक्टिफायरपासून (अल्टरनेटरच्या एसीचा डीसी करून बॅटरीला देणारा भाग) सोडव, मीटर एसीवर ठेव. रेसबरोबर व्होल्ट सरसर चढले तर अल्टरनेटर जिवंत आहे, गडबड पुढे आहे. आणि केसमधून वायर बाहेर येते तिथे सोलली आहे का बघच, चेनजवळ घासते बऱ्याचदा.

प्रश्नकर्ता: एसी मस्त चढतोय! पण रेक्टिफायरचा कनेक्टर काळा पडलाय, एक पिन वितळलीये.

थंपरवाला: सापडला की चोर. नवीन कनेक्टर टाक, अर्थचा बोल्ट (जिथे वायर गाडीच्या बॉडीला जोडते) पॉलिश पेपरने घास, परत मोज. तरी १२.४च राहिलं तरच रेक्टिफायर घे.