एक गिटार: पबमधलं सेशन आणि कोजागिरीची मैफल

लिमरिकहून

नमस्कार मंडळी,
गिटारवर ओपन कॉर्ड, बार कॉर्ड आणि थोडं फिंगरपिकिंग येतं. इथे आयर्लंडमध्ये पबात दर आठवड्याला आयरिश ट्रॅडचं (पारंपरिक संगीताचं) सेशन, म्हणजे एकत्र बसून वाजवणं, असतं, तिथे संगतीला बसायचं आहे. शिवाय कोजागिरीला मंडळात पेटी-तबल्याबरोबर भावगीतंही आहेत. गिटार एकच. ट्यूनिंग, तारा, ताल याबद्दल जाणकारांनी सांगावं.

उत्तर: गॉलवेहून

ताई, मी सेशनपुरतं लिहितो.

तिथे फिडल, फ्लूट, व्हिसल, काँसर्टिना सगळे मिळून एकच चाल वाजवतात. कॉर्ड देणारा मात्र शक्यतो एकच असावा. एकाने ई मायनर धरला आणि दुसऱ्याने जी, की खालचा सूर वेगवेगळा पडतो आणि चालीचा चिखल होतो. म्हणून आधीच कुणी गिटार किंवा बुझुकी (लांब मानेचं तारवाद्य) घेऊन बसलं असेल तर गिटारची केस उघडण्याआधी विचारा. आलटून-पालटून वाजवायला बहुतेकांची हरकत नसते.

चालीचे बहुधा दोन भाग असतात, प्रत्येक आठ बारांचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) आणि प्रत्येक दोनदा. म्हणजे 32 बारांचं एक आवर्तन. अशी दोन-तीन आवर्तनं झाली की न थांबता दुसरी चाल सुरू होते, अनेकदा वेगळ्या पट्टीत. नवख्यांची फजिती इथेच होते. शेवटच्या आवर्तनाच्या अखेरीस म्होरक्या मान वर करतो. ते दिसलं की हात तारांवर ठेवून आवाज बंद करा, नव्या चालीचे दोन बार ऐका आणि मगच शिरा. दोन बार गिटार नसल्याने कुणाचं काही बिघडत नाही, चुकीच्या पट्टीतल्या कॉर्डने मात्र बिघडतं.

जिग ही नाचाची चाल म्हणजे 6/8, आपल्या दादऱ्यासारखे तीन-तीन. फरक एवढाच की दुसऱ्या तिनाला खाली नाही, पाय दोन्हीकडे पडतो. उजव्या हाताचे फटके: खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. तिसरी आणि चौथी मात्रा, दोन्हींना खालचाच फटका. वेग वाढला की हात इथे अडखळतो आणि नकळत एकाआड एक फटके पडू लागतात. मग चौथ्या मात्रेवर वरचा फटका येतो आणि जिगचा डौलच जातो. मेट्रोनोमची टिक तीन मात्रांना एक ठेवून 60 पासून सुरुवात करा, सेशनचा वेग 110-120 च्या आसपास असतो. रील (नाचाच्या चालीचा दुसरा प्रकार) त्या मानाने सरळ, केरव्यासारख्या आठ मात्रा, फटके खाली-वर. पिक पातळ घ्या, 0.60 ते 0.73 मिलिमीटर. जाड पिकने मनगट लवकर भरून येतं.

ट्यूनिंगला माझं मत डॅडगॅड: डी-ए-डी-जी-ए-डी. इंग्लंडमध्ये डेव्ही ग्रॅहमने ते 1960 च्या दशकात रुळवलं आणि 1970 च्या दशकात मिहॉल ओ डोनलने आयरिश संगीतात आणलं. सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीन तारा एकेक पूर्ण सूर उतरवायच्या. डी हा षड्ज धरला तर तारा लागतात सा-प-सा-म-प-सा. तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट दाबला की मध्यमाचा पंचम होतो आणि एका बोटात सा-प चा कॉर्ड तयार. त्यात गंधार नाही, म्हणून चालीत शुद्ध गंधार येवो की कोमल, तुमचा कॉर्ड आडवा येत नाही. ई मायनरच्या चालींना कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर, जी च्या चालींना पाचव्यावर.

तीन तारा उतरवल्या की मानेवरचा ताण कमी होतो आणि उरलेल्या तीन किंचित चढतात, तेव्हा सगळ्या तारा दोनदा लावा. एक सूर उतरलेल्या तारेचा ताण सुमारे 20 टक्के घटतो, म्हणून 12-53 चा सेट (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) असेल तर सहावी तार फ्रेटवर खडखडते. तेवढी एक 56 ची लावा.

उत्तर: कॉर्कहून

गॉलवेच्या दादांचं सेशनपुरतं बरोबर आहे, पण कोजागिरीला डॅडगॅडने अडचण होईल. भावगीतात मेजर-मायनर स्पष्ट लागतात आणि ते आकार सगळे नव्याने शिकावे लागतील. ताई, तुम्ही ड्रॉप डी करा. फक्त सहावी तार ई वरून डी वर, बाकी तारा जशाच्या तशा. सेशनमध्येही चालतं, आणि कोजागिरीला तीच तार पुन्हा ई ला चढवली की झालं.

आता पेटी. पेटी जागेवर सुरात लावता येत नाही, तेव्हा गिटारनेच तिच्याशी जुळवून घ्यायचं. जुन्या पेट्या 440 हर्ट्झला (पांढरी सहाचा प्रमाण सूर) असतीलच असं नाही. पेटीची पांढरी सहा वाजवून क्लिप ट्यूनर किती दाखवतो ते पाहा, ट्यूनरची पट्टी 442 किंवा 443 जी निघेल ती ठेवा आणि मग तारा लावा. हे तबला लावण्याआधी उरका.

गाणाऱ्याची पट्टी आधी विचारून ठेवा. काळी एकला सी चा आकार, कॅपो पहिल्या फ्रेटवर. काळी दोनला सी च, कॅपो तिसऱ्यावर. काळी चारला जी चा आकार, कॅपो पहिल्यावर. काळी पाचला जी च, कॅपो तिसऱ्यावर. कॅपो फ्रेटला चिकटून मागे लावा, मधोमध लावला की तारा जास्त ताणल्या जाऊन सूर चढतो. लावल्यावर पुन्हा ट्यून करा.

आणि गाण्यात कोमल गंधार असेल तिथे सवयीने मेजर मारू नका. पेटीवाला ऐकून घेईल, गाणारी व्यक्ती वैतागेल. शंका असेल तिथे नुसता सा-प.

उत्तर: डब्लिनहून

थोडी भर. हॉलमध्ये पिकअप लावणार असाल तर डीआय बॉक्स (पिकअपचा आवाज मिक्सरला जोडणारी डबी) मागून घ्या आणि गिटारच्या तोंडावर रबरी झाकण लावा, घूं घूं बरंच कमी होतं. तरी घुमलं तर मिक्सरवाल्याला 100 ते 200 हर्ट्झ कमी करायला सांगा. गिटार रेडिएटरपासून लांब, केसमध्ये. आत आर्द्रता 45 ते 55 टक्के हवी. लाकूड दमट झालं की वरची फळी फुगते आणि तारा उंच होतात, सुकलं की फ्रेटची टोकं हाताला टोचतात. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची 2.4 मिलिमीटरच्या आसपास असली की ठीक. फार वर गेली तर ट्रस रॉड (मानेतली सळई) स्वतः पिळत बसू नका, दुकानात द्या.

लिमरिकहून

सगळ्यांचे आभार. कॉर्कचे काका, एकच शंका: ड्रॉप डी मध्ये नेहमीचा जी धरला की खालचा सूर चुकतो. काय करायचं?

उत्तर: कॉर्कहून

नेहमीच्या जी मध्ये सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट असतो, आता तिथे एफ वाजतो. जी पाचव्या फ्रेटवर गेला. करंगळी किंवा अनामिका तिथे ठेवा, पाचव्या तारेला त्याच बोटाच्या बगलेने हलकं टेकून मुकी करा आणि चौथी, तिसरी, दुसरी मोकळी वाजू द्या. पहिली तार मारू नका. ई मायनरला सहावी तार दुसऱ्या फ्रेटवर.