मदत हवी आहे: आईसाठी दैवी दयेची प्रार्थना मराठीत

आई वसईहून म्हापशाला माझ्याकडे राहायला आलीय. तिची प्रार्थनेची पुस्तिका पार फाटलीय, आणि इथली कोंकणी पुस्तकं रोमी लिपीत, ती तिला वाचता येत नाहीत. रोज दुपारी ३ वाजता, येशूच्या मरणघटकेला, ती जपमाळ घेऊन बसते. मामाशी जमिनीवरून ६ वर्षं अबोला आहे. ‘आमच्यावर आणि साऱ्या जगावर दया कर’ इथे आली की मणी बोटांत तसाच राहतो. काल म्हणाली, “त्याला वगळून दया कशी मागू रे?” मला भरूनच आलं.

ईस्टरनंतरच्या रविवारी, दयेच्या सणाला, मामाला बोलवायचं मनात आहे. मोठ्या अक्षरातली मराठी पुस्तिका गोव्यात कुठे मिळेल? आणि ज्यांच्या घरात असा अबोला सुटलाय त्यांनी सांगा, पहिला फोन आईने करावा की मी?