आरोग्य-विषमता, स्थलांतरित आणि चढणीचे मासे

अर्धविराम
एका शब्दापाशी गाडी अडलीय. पीएचडीनंतरचं संशोधन करतेय (यालाही जाताजाता शब्द सुचवा). विषय असा: मुंबईच्या गिरण्यांत उमेदीची वर्षं घालवून म्हातारपणी कोकणात परतलेली माणसं, आणि गाव कधीच न सोडलेले त्यांचे भाऊबंद. दोघांच्या तब्येतीत काय फरक पडला आणि का. संमतीपत्रक मराठीत करताना 'हेल्थ इनइक्वालिटीज'ला मी 'आरोग्य-विषमता' लिहिलं. मालवण तालुक्यात पहिल्याच घरी वाचून दाखवलं, तर पडवीत कोकमं सोलत बसलेल्या आजी म्हणाल्या, "विषमज्वर? तो माका लग्नाआधी झाललो." पुढची दहा मिनिटं त्या तापावरच गेली.

मग आजोबांकडे वळले. 21 वर्षं गिरणीच्या कार्डिंग खात्यात (कापूस पिंजायचं, धुळीचं काम), 82च्या संपानंतर वॉचमन, एकूण 44 वर्षं मुंबई. विचारलं, "तुम्ही स्थलांतरित आहात का?" म्हणाले, "मी खय गेललंय? घर हयच असा. थय चाकरी होती." मी 'नाही'च्या चौकटीत खूण केली खरी, पण तेव्हापासून ती खूण डोक्यातून जात नाहीय.

तर विषमता, असमानता, तफावत की नुसता फरक?

शुद्धमती
विषमताच. विषमज्वर म्हणजेही मुळात कमीजास्त होणारा, नेम नसलेला ताप. टायफॉइडला ते नाव मागाहून चिकटलं. आजींचा गोंधळ झाला म्हणून शब्द बदलत बसलो तर भाषेत काही उरायचं नाही. पोस्टडॉकसाठी 'विद्यावाचस्पत्युत्तर संशोधन'.

कुपातला_सरडा
हा शब्द नीट उच्चारता येईपर्यंत फेलोशिप संपेल.

शुद्धमती
'विद्यापीठ' शब्दही कधीतरी नवाच होता.

तळटीप
माझ्या मते असमानता आणि विषमता यांत फरक आहे आणि तो इथे कामाचा आहे. ऐंशीच्या माणसाचे गुडघे तिशीतल्यापेक्षा दुखतात, ही असमानता. यात कोणाची चूक नाही. कार्डिंगवाल्याची छाती त्याच गिरणीतल्या कारकुनाच्या आधी जाते, ही विषमता. 'आर्थिक विषमता' म्हटलं की जी चीड येते ती 'आर्थिक असमानता' म्हणून येत नाही.

माझे वडीलही कार्डिंगलाच. आठवड्याची सुट्टी घेऊन कामावर गेले की पहिल्या पाळीला छाती आवळायची, मग दोन-तीन दिवसांत सैल व्हायची. आई त्याला 'सुट्टीचा दम' म्हणायची. सुट्टीनंतरचा पहिला दिवस जड जाणं हीच कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ओळख, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. गावी आल्यावर डॉक्टरांनी कागदावर 'दमा, बिडी' एवढंच लिहिलं. बिडी ओढायचे, नाही कशाला म्हणू. पण बिसिनोसिस नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या यादीत आहे, बिडीचा दमा नाही. एका शब्दावर किती अडतं ते आम्ही पाहिलंय.

मिरग
आजोबांचं बरोबर आहे. स्थलांतर दुकानाचं होतं. 'आमचे दुकान समोरच्या इमारतीत स्थलांतरित झाले आहे.' नाहीतर ऊसतोडीवाल्यांचं, ते बिचारे अख्खं बिऱ्हाड बैलगाडीत घालून निघतात. आमचे लोक चाकरमानी. बायको-पोरं, म्हातारी, म्हैस सगळी गावी. आपण खोलीत वीस जणांबरोबर, जेवण खाणावळीत, मनीऑर्डर दर महिन्याला. चाकरीचा मान असलेला तो चाकरमानी.

शुद्धमती
मानाबिनाचा काही संबंध नसावा, 'माणूस'चंच रूप असेल. शिवाय चाकर हा शब्द फारसी. 2025च्या गणपतीआधी सरकारी कागदांत 'चाकरमानी'ऐवजी 'कोकणवासी' लिहा अशी सूचना निघाली, ती मला पटली.

कुपातला_सरडा
वासी? 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1100च्या वर बायका होत्या. बाकीचे पुरुष तेव्हा नेमके कुठे वास करत होते?

मिरग
चाकर फारसी म्हणून वाईट, तर 'सरकारी'चं काय करायचं? माझ्या आज्याला कोणी कोकणवासी म्हटलं असतं तर त्याने मागे वळून पाहिलं असतं, कोणाला हाक मारली म्हणून.

तळटीप
जनगणनेचं म्हणाल तर तिथे दोन प्रश्न असतात: जन्म कुठला आणि याआधी राहायला कुठे होतात. जन्माच्या हिशेबाने हे आजोबा स्थलांतरित नाहीत, मागच्या मुक्कामाच्या हिशेबाने आहेत. 'नाही'वर खूण राहिली तर ते गाव न सोडलेल्यांत मोजले जातील आणि त्यांची छाती कोकणच्या हवेच्या खात्यावर पडेल. त्यापेक्षा 'स्थलांतरित' शब्दच काढा. 'सलग सहा महिने गावाबाहेर कधी राहिलात? कुठे? काय काम?' असं विचारा.

अर्धविराम
हे फार उपयोगी, लगेच करते. आता एक राहिलं, प्रस्तावाच्या मराठी गोषवाऱ्यासाठी. परगावी जातात तीच मुळात धडधाकट माणसं, कारण खोकणाऱ्याला मुकादम उभाच करत नाही. आणि आजारी पडली की मरायला गावी येतात, म्हणून शहराच्या मृत्युनोंदीत ती दिसतच नाहीत आणि शहर फुकटचं निरोगी दिसतं. या दुसऱ्या गोष्टीला 'सॅल्मन बायस' (बायस म्हणजे आकड्यांचा एकीकडे कल, अभिनती) म्हणतात, सॅल्मन मासा उगमाकडे परततो त्यावरून. अमेरिकेत याचा बराच खल झाला. तिथले लॅटिन अमेरिकी लोक गरीब असूनही कमी मरतात असं आकडे सांगत. मग क्यूबन लोक बघितले, ज्यांना परतायची सोयच नव्हती. तेही कमीच मरत होते. म्हणजे तिथे नुसत्या परतीने कोडं सुटेना. आमच्याकडे काय निघतं ते बघायचंय. मी तूर्त 'रावस-अभिनती' लिहिलंय.

मिरग
रावस?? अहो, बाजारात त्याला इंडियन सॅल्मन म्हणतात म्हणून तो सॅल्मन होत नाही. तो कुठल्या नदीच्या उगमाला जातो? आपल्याकडे चढणीचे मासे आहेत की! मिरगाचा पहिला पाऊस झाला की मळये, खवळे ओहोळातून उलटे वर शेतात चढतात. 'चढण' म्हणा. कोकणातल्या कोणालाही फोड करून सांगावी लागणार नाही.

शुद्धमती
चढणीचे मासे अंडी घालायला चढतात, मरायला नव्हे.

मिरग
मरतातच. आम्ही वर सापळा लावून बसलेले असतो.

कुपातला_सरडा
तसं सॅल्मनही अंडी घालायलाच जातो, मरण त्याच्या मागून येतं. आणि आजोबाही मरायला आले नसतील, काजू लावायला आले असतील.

खारीचा_वाटा
समुद्रातून नदीत चढणारा म्हणाल तर पाला मासा. बंगाल्यांचा इलिश तोच. पण काटे फार.

शुद्धमती
'पाला' म्हटल्यावर आजी झाडाचा पाला समजतील.

अर्धविराम
काजूचं खरंय, 40 कलमं लावलीत त्यांनी. काल पुन्हा गेले होते. नवा प्रश्न विचारला, तर बोटं मोजत सगळ्या जागा सांगितल्या: लालबागचा गाळा, संपातले सहा महिने गावी, मग परळ, शेवटी नालासोपारा. पत्रकात वरती 'विषमता' तशीच आहे, शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

खारीचा_वाटा
पाल्याच्या काट्यांना आंबट जास्त घालायचं, मंद आचेवर तीन तास. विरघळतात.

मिरग
तीन तास? मग मासा काय उरला.