विल्यम्सच्या अटी: विभागांच्या हिशोबात थोडी भर

पदवीसाठी ‘तीन विभागांत तीन-तीन कोर्स केले की झालं’ असं म्हटलं जातं. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजपुरतं ते अर्धंच आहे. भाषा व कला, सामाजिक अभ्यास, विज्ञान व गणित यांत तीन-तीन लागतात हे खरं. पण प्रत्येकातले दोन दुसरं वर्ष संपायच्या आत व्हायला हवेत. शिवाय त्या तिनांत एकाच विषयाचे दोनच धरतात. अर्थशास्त्राचे ३ घेतले तरी सामाजिक विभागात एक कमीच पडतो, इतिहास किंवा राज्यशास्त्राचा एखादा घ्यावाच लागतो. मुलं नेमकी इथेच अडकतात, आणि कळतं तेव्हा मेजरचे (मुख्य विषयाचे) अवघड कोर्स मानेवर बसलेले असतात.

लेखनकौशल्याचे २, संख्यात्मक तर्काचा १, भेद-सत्ता-समता यावरचा १ या अटी वेगळ्या. मात्र त्यांसाठी जास्तीचे कोर्स लागतीलच असं नाही: संख्याशास्त्राचा एकच कोर्स विज्ञान विभागातही मोजला जातो आणि संख्यात्मक तर्कातही. म्हणून नाव नोंदवण्याआधी कॅटलॉगमध्ये त्या कोर्सखाली कोणकोणत्या अटींची खूण आहे ते बघा. लेखनाच्या वर्गात जागा मोजक्या असतात, त्यातला एक पहिल्या वर्षातच उरकलेला बरा.