वीस गुंठे चढउताराच्या जमिनीचे घरच्या घरी सपाटीकरण

शिवारकर :
नमस्कार. सिन्नर तालुक्यात घरालगत आमची वीस गुंठे जमीन आहे. ती साधारण दीडशे फूट लांब असून पूर्वेकडून पश्चिमेकडे अडीच फुटांचा उतार आहे. वरची माती जेमतेम एक फूट आहे आणि तिच्याखाली मुरूम लागतो. पाटाने पाणी दिले की ते वरच्या अंगाला मुरत नाही आणि खालच्या अंगाला साचून राहते. आमच्याकडे छोटा ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडायची लोखंडी फळी आहे. जेसीबी भाड्याने न लावता हा संपूर्ण तुकडा एका पातळीत आणता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बांधबंदिस्ती :
आणता येईल, परंतु आपण दिलेली मापे पाहता तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाटपाण्याच्या जमिनीला शंभर फुटांमागे तीन-चार इंच उतार लागतोच, म्हणजे आपल्या दीडशे फुटांत सुमारे अर्धा फूट ठेवावा लागेल. उरलेले दोन फूट मोडायचे तर पूर्वेच्या कडेला एक फूट खोदाई आणि पश्चिमेच्या कडेला एक फूट भराव येतो; आपली माती मुळात एक फूटच असल्यामुळे पूर्वेकडे नुसता मुरूम उघडा पडेल. त्याऐवजी मधोमध उताराला आडवा बांध घालून जमिनीचे दोन टप्पे पाडावेत. मग प्रत्येक टप्प्याच्या कडेची खोदाई सहा इंचांवर येते आणि हलवावयाची माती सुमारे 54 ब्रासवरून (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) 27 ब्रासवर उतरते. एवढे काम छोट्या ट्रॅक्टरच्या आवाक्यातले आहे. बांधाला एका टोकाशी दगडी सांडवा, म्हणजे जादा पाणी निघून जाण्याची वाट, अवश्य ठेवावा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो.

शिवारकर :
मनःपूर्वक आभार. दोन टप्प्यांचा विचार पटला. पातळी मोजायची दुर्बीण नसताना ती कशी मोजावी?

गवंडीकाम :
शिवारकरदादा, आम्ही जोत्याची पातळी काढतो त्या पारदर्शक नळीने हे काम चोख होते. नळीत पाणी भरताना एकही बुडबुडा राहू देऊ नये, कारण बुडबुडा राहिला की सगळी मापे खोटी येतात. शेतात दर तीस फुटांवर खुंटी ठोकावी. नळीचे एक टोक पक्क्या जागी, उदाहरणार्थ विहिरीच्या कठड्यापाशी, धरावे आणि दुसरे टोक प्रत्येक खुंटीशी नेऊन पाण्याच्या रेषेपासून जमिनीपर्यंतचे अंतर वहीत लिहावे. टप्प्यातील सर्व मापांची सरासरी काढली की त्या टप्प्याची मधली पातळी मिळते; तिच्यापासून चढाच्या बाजूला दीड इंच वर आणि उताराच्या बाजूला दीड इंच खाली धरून खुंट्यांवर रंगाने खुणा कराव्यात. भरावाची माती पुढे दबते, म्हणून भरावाच्या जागी खुणेपेक्षा थोडे वर भरावे.

काळीआई :
वरील दोन्ही उत्तरांना एक अत्यंत महत्त्वाची जोड द्यावीशी वाटते. जिथे मुरमापर्यंत खोदाई जाणार आहे, तिथली वरची सहा इंच माती आधी ओढून बाजूला ढीग करून ठेवावी, खालचा थर सारखा करावा आणि मगच ती माती परत पसरावी. हे काम दुप्पट वाटते; पण एक इंच सुपीक माती तयार व्हायला कित्येक पिढ्या जातात, आणि ती भरावाखाली गाडली गेली की कितीही खत टाकले तरी कापलेल्या पट्ट्यातले पीक पिवळेच राहते. बांधापाशी आणि कोपऱ्यांत ट्रॅक्टर वळत नाही. तिथे बैलजोडी मिळाल्यास केणी (बैलांनी ओढायचे माती सरकवण्याचे अवजार) लावावी.

रब्बी निघाल्यावर नांगरट करून ढेकळे फोडावीत आणि वापसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, असतानाच माती ओढावी. ओल्या मातीवर ट्रॅक्टर फिरवल्यास खाली कठीण थर बसतो. शेजाऱ्याच्या शेतातून येणारी नैसर्गिक ओघळ असल्यास ती बुजवू नये, तसेच हद्दीचे दगड जागचे हलवू नयेत, कारण त्यांना इजा करणे कायद्याने दंडनीय आहे. निघालेला मुरूम विकण्याचा विचार असल्यास आधी तहसील कार्यालयातून परवानगी घ्यावी.

पहिल्या खरिपात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा आणि कापलेल्या पट्ट्यात शेणखत इतरत्र टाकाल त्याच्या दुप्पट द्यावे. पावसाळ्यात भराव जिथे खचेल तिथे खुंटी ठोकून ठेवावी, म्हणजे रब्बीच्या पेरणीपूर्वी फळीचा एक हात फिरवून तेवढेच खळगे भरून काढता येतील.